हिशेब मागणारा सभासद

महामारी ओसरली म्हणजे लोक घरे झाडून पुसून घेतात, बंद पडलेली दुकाने उघडतात, शेताची कामे पुन्हा हाती धरतात, आणि जे गेले त्यांच्याविषयी बोलण्याचे टाळतात. हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे, कारण दुःखावरची खपली वारंवार काढावी असे कोणास वाटत नाही. परंतु अशाच वेळी एखादा मनुष्य उभा राहून विचारतो की, जे मेले ते किती? ते कोठे मेले? ज्यांच्या हाती त्यांची जोपासना सोपविली होती त्यांनी काय केले, आणि काय करावयाचे टाकले? असा मनुष्य बहुधा कोणासच आवडत नाही. अधिकाऱ्यांस तो उपद्रवी वाटतो, शेजाऱ्यांस भांडखोर वाटतो, आणि ज्यांचे दुःख ताजे आहे त्यांतील कित्येकांसही वाटते की, ह्याने आता गप्प बसावे हे बरे. तेव्हा आज आम्हांस ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो हा की, लोकांनी निवडून दिलेल्या सभासदाने असा हिशेब मागणे हा त्याच्या सेवेचाच भाग आहे, की ज्यांनी मते दिली त्यांची रोजची कामे बाजूस सारून तो मोठ्यांच्या वादात पडतो असे म्हणावे?

विचार कोरडा होऊ नये म्हणून आम्ही एक घडलेली हकीकत वाचकांपुढे ठेवितो. ती अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील आहे. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागात फ्लशिंग नावाची वस्ती आहे. चीन, कोरिया व पूर्वेकडील इतर देशांतून पोटासाठी आलेले लोक तेथे मोठ्या संख्येने राहतात. राज्याच्या कायदेमंडळाच्या खालच्या सभागृहात १५० सभासद बसतात, आणि २०१२ च्या निवडणुकीत ह्या वस्तीने रॉन किम नावाच्या गृहस्थांस तेथे पाठविले. किम ह्यांचा जन्म कोरियातील सोल शहरी झाला. वयाच्या सातव्या वर्षी ते आईबापांबरोबर अमेरिकेत आले, व आईबापांनी तेथे किराणा मालाचे दुकान चालविले. परक्या मुलुखात आलेल्या गरीब माणसास सरकारदरबारी उभे राहताना काय वाटते हे त्यांस कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

त्या देशात पुष्कळ वृद्ध व अपंग माणसे शुश्रूषागृहांत राहतात. मुलेबाळे दिवसभर कामावर जातात आणि घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे पाहण्यास कोणी नसते, म्हणून ही गृहे निघाली. मार्च २०२० मध्ये कोविडचा रोग न्यूयॉर्क राज्यात शिरला तेव्हा ह्या गृहांचे दरवाजे आप्तेष्टांस बंद करण्यात आले. पुढे २५ मार्च २०२० रोजी राज्याच्या आरोग्यखात्याने आज्ञा काढली की, कोणा रोग्यास केवळ कोविड झाला आहे किंवा झाल्याचा संशय आहे एवढ्याच कारणावरून शुश्रूषागृहाने प्रवेश नाकारू नये. इस्पितळे भरून वाहू लागतील ह्या भीतीने ही आज्ञा निघाली, आणि त्या दिवसांतील ती भीती खोटी नव्हती हेही सांगितले पाहिजे. १० मे रोजी ती आज्ञा बदलण्यात आली. तोपर्यंत रोगातून उठत असलेली नऊ हजारांहून अधिक माणसे इस्पितळांतून ह्या गृहांत धाडली गेली होती.

ह्याच सुमारास, म्हणजे एप्रिल २०२० च्या आरंभी, राज्याच्या अंदाजपत्रकाबरोबर एक कलम मंजूर झाले. त्या अन्वये इस्पितळांस व शुश्रूषागृहांस, महामारीच्या काळात केलेल्या उपचारांबद्दल, घोर हयगय वगळता, दाव्यांपासून संरक्षण मिळाले. म्हणजे ज्याच्या बापाला किंवा आईला भेटण्यास मनाई होती, त्यास मृत्यूनंतर न्यायालयात जाऊन काय घडले हे विचारण्याची वाटही जवळजवळ बंद झाली. त्याच महिन्यात रॉन किम ह्यांचे एक काका अशाच एका गृहात वारले. त्यांसही कोविड झाला असावा असे समजले जाते. तेव्हा जो मनुष्य पुढे हिशेब मागणार होता, तो शोक करणाऱ्यांच्या बाहेरचा नव्हता.

आता मोजदादीकडे वळू. मेलेल्यांची संख्या म्हणजे कागदावरचा आकडा, त्यावरून एवढा वाद कशास, असे काही वाचकांस वाटेल. आपल्याकडील उदाहरण घेऊ. एखाद्या गावात साथ आली, तिच्यात गावचे दहा लोक दगावले. त्यांपैकी सहा आपल्या घरी गेले आणि चौघांस तालुक्याच्या दवाखान्यात नेल्यावर त्यांचा तेथे अंत झाला. पुढे कोणी विचारले की, ह्या गावात साथीने किती माणसे मेली, आणि कारभाऱ्यांनी सहा असे सांगितले, तर ते उत्तर खरे की खोटे? गावाच्या शिवेच्या आत सहाच मेले, तेव्हा शब्द धरून पाहिले तर उत्तर खरे आहे. परंतु विचारणाऱ्यास जे जाणून घ्यावयाचे होते ते त्याच्यापासून लपले, म्हणून ते उत्तर खोट्याचेच काम करते. न्यूयॉर्क राज्यात हेच घडले. शुश्रूषागृहाच्या भिंतीआड जे वारले त्यांचीच गणती राज्य जाहीर करीत असे, आणि जे तेथे आजारी पडून इस्पितळात नेल्यावर वारले ते त्या गणतीत धरले जात नसत. ह्या रीतीने गृहांतील मृत्यूंची संख्या लहान दिसे, आणि राज्याचा कारभार इतरांच्या मानाने चांगला आहे असा समज होई.

कायदेमंडळाच्या सभासदांनी ऑगस्ट २०२० मध्ये खरी संख्या मागितली, परंतु महिने लोटले तरी ती मिळाली नाही. २८ जानेवारी २०२१ रोजी राज्याच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स ह्यांनी आपल्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. खात्याने दाखविलेली संख्या खऱ्याहून जवळजवळ निम्म्यापर्यंत कमी असू शकेल, असे त्यात म्हटले होते. ज्या गृहांत सेवकवर्ग अपुरा होता तेथे माणसे अधिक दगावली, असेही त्यात दाखविले होते. त्याच दिवशी खात्यास कबूल करावे लागले की, १९ जानेवारीपर्यंत गृहांतील रहिवाशांपैकी १२,७४३ मृत्यू झाले होते. तोवर लोकांस सांगितलेला आकडा साडेआठ हजारांच्या आसपास होता. पुढील महिन्यात न्यायालयानेही आकडे खुले करण्याचा हुकूम दिला. वृद्धांच्या निवासाची इतर स्थाने धरून एकंदर संख्या सुमारे १५,००० पर्यंत गेली.

१० फेब्रुवारी २०२१ रोजी गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो ह्यांच्या मुख्य सचिव मेलिसा डेरोसा ह्यांची आपल्याच पक्षाच्या काही सभासदांशी खाजगी बैठक झाली. किम त्या वेळी सभागृहाच्या वृद्धकल्याण समितीचे अध्यक्ष असून त्या बैठकीस हजर होते. मध्यवर्ती सरकारच्या न्यायखात्याकडून चौकशी आली होती, दिलेली माहिती आपल्याविरुद्ध वापरली जाईल असे भय वाटले, म्हणून आकडे देण्यास आम्ही कचरलो, अशा आशयाचे बोलणे तेथे झाले. सचिवांनी पुढे खुलासा केला की, मध्यवर्ती सरकारास आधी उत्तर द्यावे व कायदेमंडळास मागाहून द्यावे एवढाच आपला हेतू होता. किम ह्यांनी जे ऐकले ते वृत्तपत्रास सांगितले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आपल्या मुलांस अंघोळ घालीत असता गव्हर्नरांचा टेलिफोन आला. किम ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे, बैठकीत जे ऐकले त्याच्या उलट निवेदन काढावे असा आग्रह त्यांस करण्यात आला, आणि तुमचा सार्वजनिक जीवनक्रम मी नष्ट करीन अशी धमकी देण्यात आली. गव्हर्नरांच्या कचेरीने हे साफ नाकारून किम ह्यांसच खोटे ठरविले. त्या दोघांतील संभाषणाचा निवाडा आम्ही करीत नाही. परंतु एवढे तर उघड आहे की, त्या रात्रीनंतर किम ह्यांनी गप्प बसण्याचे पत्करले नाही.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण हिशेब मागण्याचे मोल त्याच्या फळावरून कळते. गृहांस मिळालेले दाव्यांचे संरक्षण रद्द करावे म्हणून किम ह्यांनी वरिष्ठ सभागृहातील अलेसांड्रा बियाजी ह्यांच्याबरोबर विधेयक आणिले. ते मंजूर होऊन ६ एप्रिल २०२१ रोजी त्यावर ज्यांच्याशी वाद होता त्याच गव्हर्नरांची सही झाली. त्याच वर्षी प्रत्येक रहिवाशास दररोज किमान ३.५ तास सेवा मिळावी असा कायदाही राज्याने केला. मार्च २०२२ मध्ये राज्याचे हिशेबतपासनीस टॉमस डिनापोली ह्यांनी आपल्या तपासणीत दाखविले की, आरोग्यखात्याने एप्रिल २०२० पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंत किमान ४,१०० मृत्यू लोकांपुढे मांडले नव्हते. मेलेली माणसे परत आली नाहीत, परंतु जिवंतांच्या अंथरुणाजवळ एक परिचारिका अधिक उभी राहावी असा नियम झाला, आणि मुलास आपल्या आईविषयी न्यायालयात विचारण्याचा हक्क परत मिळाला.

आता ह्याविरुद्ध जे आक्षेप निघतात त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की, महामारी ही आकस्मिक आपत्ती होती, कोणासच काही ठाऊक नव्हते, अशा वेळी झालेल्या चुकांबद्दल कोणास जबाबदार धरणे अन्याय नव्हे काय? ह्या आक्षेपात तथ्य आहे. अज्ञानाने झालेली चूक आणि झालेली गोष्ट झाकून ठेवणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकाच तराजूत घालू नयेत. २५ मार्चची आज्ञा त्या वेळच्या समजुतीस धरून होती असे मत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वतंत्र अहवालाने दिले. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांनी शुश्रूषागृहांच्या बाबतीत क्युओमो ह्यांच्यावर खटला भरावयाचा नाही असे ठरविले. क्युओमो ह्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये राजीनामा दिला तो ह्या कारणासाठी नव्हे. स्त्रियांशी गैरवर्तन केल्याचा निष्कर्ष ॲटर्नी जनरलच्या अहवालात निघाला, आणि तो त्यांनी नाकारला. तेव्हा आज्ञा काढणारे सर्व दुष्ट होते असे म्हणण्यास आधार नाही. परंतु आज्ञा काढणे ही एक गोष्ट, आणि तिचे परिणाम किती झाले हे विचारणाऱ्यास सहा महिने ताटकळत ठेवणे ही दुसरी. अंधारात ठेच लागली तर मनुष्य दोषी होत नाही. दिवा आणणाऱ्याचा हात धरला तर मात्र होतो. जबाबदारी मागावयाची ती ह्या दुसऱ्या गोष्टीची.

दुसरा आक्षेप आमच्या खेड्यांतील वाचकांस अधिक जवळचा वाटेल. ते म्हणतील की, सभासदाने आपल्या भागातील रस्ता, पाणी, रेशन, पेन्शन ही कामे पाहावी. राजधानीत जाऊन मोठ्यांशी वाद घालण्यात मतदारांचा काय लाभ? ह्याचे उत्तर आम्ही असे देतो की, ही दोन कामे दोन नाहीतच. सभासदाच्या कचेरीत लोक येतात ते आपापले गाऱ्हाणे घेऊन येतात. कोणाचे घरभाडे थकले आहे, कोणाचा अर्ज अडला आहे, कोणाच्या आईची खबर आठ दिवस लागलेली नाही. एकाचे गाऱ्हाणे ऐकले तर ते त्या घरचे दुःख ठरते. पन्नास घरांतून एकच गाऱ्हाणे आले म्हणजे सभासदास कळते की, दोष घरांत नसून वरच्या कारभारात आहे. जो आपल्या लोकांची लहान कामे करीतच नाही त्यास हे कधी कळणार नाही. आणि ज्यास कळूनही जो वर जाऊन विचारीत नाही, तो पन्नास वेळा सांत्वन करील परंतु एकावन्नावे घर वाचविणार नाही. तेव्हा दारोदार फिरणे हे मूळ, आणि सभागृहात हिशेब मागणे हे त्याच मुळाचे झाड, असे आम्हांस वाटते.

तिसरा आक्षेप असा की, असा हिशेब मागणारे बहुधा सूडाने किंवा पक्षाभिमानाने मागतात. पुष्कळ वेळा तसे घडते, आणि घडते तेव्हा सत्याची हानी होते. परंतु किम व क्युओमो हे दोघेही एकाच पक्षाचे होते. आपल्याच घरच्या वडिलांस प्रश्न विचारणे हे परक्यास दूषण देण्याहून फार कठीण असते, हे खेड्यात राहणाऱ्यांस सांगावयास नको. जो केवळ विरोधी पक्षाच्याच चुका मोजतो त्याची मोजदाद अर्धीच असते, आणि अर्धी मोजदाद हाच तर ह्या प्रकरणातील मूळ दोष होता.

तथापि हिशेब मागणाऱ्यावरही एक मोठी जबाबदारी असते, आणि महामारीच्याच संबंधाने आपल्या महाराष्ट्रात एकदा तिचा कडू अनुभव आला आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ असता घरे तपासण्याचे काम गोऱ्या सोल्जरांवर सोपविले होते, आणि त्यांच्या वागणुकीविषयी लोकांत फार संताप होता. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे तेथे जाहीर रीतीने सांगितले. सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी साक्ष देण्यास पुढे येईना, आणि त्यांची नावे उघड करणे गोखल्यांस योग्य वाटेना. अखेर त्यांनी जाहीर माफी मागितली. पुष्कळांनी त्यांस भित्रे म्हटले. परंतु जे सिद्ध करता येत नाही ते परत घेण्याचे धैर्य ज्यास होते, त्याच गृहस्थास १८९९ साली मुंबईच्या कायदेमंडळात जागा मिळाली, आणि पुढे मोठ्या कायदेमंडळात त्यांच्या भाषणांतील आकडे सरकारासही विचारात घ्यावे लागले.

ह्या दोन हकीकती शेजारी ठेवून पाहाव्या. पुण्याच्या प्रकरणी लोकांचे दुःख खरे होते, परंतु साक्षीदार मागे सरले आणि बोलणारा एकटा पडला. न्यूयॉर्कच्या प्रकरणी किम ह्यांनी ऐकीव गोष्टींवर मदार ठेविली नाही. त्यांनी सरकारच्याच दप्तरातील आकडे मागितले, आणि मृतांची मुलेमुली आपापल्या आईबापांच्या तसबिरी घेऊन उघडपणे उभी राहिली. ह्यावरून दोन गोष्टी निघतात. हिशेब मागणाऱ्याने हाती पुरावा धरूनच बोलावे, नाहीतर खऱ्या दुःखासही खोटेपणाचा डाग लागतो. आणि ज्यांच्या वतीने तो बोलतो त्यांनी त्यास पुढे ढकलून आपण मागे लपू नये. प्रतिनिधी धीट असावा असे सर्वांस वाटते, परंतु भित्र्या मतदारांचा प्रतिनिधी फार दिवस धीट राहू शकत नाही.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस राजधानीच्या सभागृहात जावयाचे नाही. परंतु प्रत्येक गावी ग्रामपंचायत आहे, तिच्या दप्तरात जन्ममृत्यूची नोंद होते, आणि ती नोंद खरी असावी हे पाहणे गावातील शिक्षक, उपदेशक व इतर जाणत्या माणसांस अशक्य नाही. कोणी मेला तर त्याचे नाव लिहिले गेले काय? कशाने मेला ते लिहिले गेले काय? दवाखान्यात नेताना वाटेत मेला म्हणून तो दोन्हीकडून सुटला तर नाही ना? गरीब विधवेस मदत मिळावयाची असेल तर ती बहुधा ह्याच एका ओळीवर अवलंबून असते. शहरात हजारोंची मोजदाद चुकली ती एकदम चुकली नाही. एकेक मनुष्य अमक्या रकान्यातला नव्हे असे म्हणून वगळला गेला, आणि वगळणाऱ्यास प्रत्येक वेळी ते लहानसेच वाटले असेल.

पुढे निवडणूक येईल तेव्हा उमेदवार दारी येतील, आणि रस्ता करू, नळ आणू असे सांगतील. ती कामे हवीतच. परंतु त्यांस आणखी एक गोष्ट विचारावी असे आम्ही सुचवितो. तुमच्याच पक्षाच्या मंत्र्याने आमच्या गावचा आकडा दाबून ठेविला, तर तुम्ही सभागृहात उभे राहून तो मागाल काय? ह्या प्रश्नाने जो गडबडेल त्याचा रस्ता व नळ घेताना सावध असावे. आणि जो होय म्हणेल त्यास आपणही सांगावे की, त्या दिवशी आम्ही आमची नावे घेऊन तुमच्या मागे उभे राहू.